कोल्हापुरात येऊन दोन महिने होत आले, पण शनिवार-रविवार अंगावर येतात

वर्धेकर

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातली. पदवी तिकडेच घेऊन या वर्षी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून आवारातल्याच विद्यार्थिनी वसतिगृहात राहते. अभ्यासाची काही तक्रार नाही. प्रयोगशाळा चांगली आहे, शिकवणारे वेळेवर येतात आणि तीच शंका दुसऱ्यांदा विचारली तरी रागावत नाहीत. खरे तर कोणाविरुद्धच तक्रार नाही आणि त्यामुळेच ती घरी सांगता येत नाही. आईने फोनवर ‘काय झाले?’ असे विचारले की सांगण्यासारखे काहीच झालेले नसते.

माझी अडचण शनिवारी दुपारी सुरू होते. विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे असल्यामुळे माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची घरे एसटीने तासा-दोन तासांच्या, फार तर तीन तासांच्या अंतरावर आहेत. शेवटचे प्रात्यक्षिक संपले की मुली पाठीला पिशव्या अडकवून निघतात आणि सोमवारी सकाळी धुतलेले कपडे, घरचे डबे आणि घरच्या गोष्टी घेऊन परत येतात. मला जायचे तर महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. गाडी बदलावी लागत नाही हे सुख खरे, पण कोल्हापूर ते वर्धा हा प्रवास जवळजवळ एक अख्खा दिवस खातो, म्हणजे दोन दिवसांच्या सुट्टीत घर गाठून परत येणे शक्यच नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्या मजल्यावर आम्ही तिघीच उरलो होतो. त्या आधी वर्गात मी ‘आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात’ असे सांगितले, तेव्हा सगळ्यांना वाटले की मी अंबाबाईच्या देवळाविषयी बोलते आहे. आमच्याकडे गौरींनाच महालक्ष्म्या म्हणतात, हे समजावून सांगेपर्यंत तास सुरू झाला आणि विषय तिथेच राहिला.

दुसरी अडचण बोलण्याची आहे, आणि ती लिहितानाही विचित्र वाटते, कारण दोन्हीकडची भाषा मराठीच आहे. मेसमध्ये पहिल्या दिवशी मी पोळी मागितली, तर वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘आज कसला सण हाय?’ इथे पोळी म्हणजे पुरणाची, रोजची ती चपाती, हे कळायला मला दोन दिवस लागले. सगळेजण ‘ये की’, ‘बस की’, ‘खा की’ असे बोलतात, आणि पहिला महिनाभर माझी समजूत अशी होती की हे लोक माझ्यावर वैतागलेले आहेत. वर्गातल्या काही मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे म्हणतात आणि मी ‘मी आले’ म्हटले की ‘पुस्तकातलं बोलतीस’ म्हणून हसतात. त्यात वाईट हेतू नाही हे मला कळते, तरी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून पाहण्याची सवय लागली आहे.

वर्गातली एक मुलगी आठवड्यातून एकदा तरी ‘आमच्यात ये की’ असे म्हणते. मी हसून ‘येईन’ म्हणते. मी त्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहते सुद्धा, पण तिथे बोलणे त्यांच्या जुन्या कॉलेजचे आणि तिथल्या सरांचे चाललेले असते, आणि पाच मिनिटांनी मी काहीतरी काम काढून निघते.

ज्यांनी बाहेरून येऊन इथे दोन-तीन वर्षे काढली, त्यांना हे ठिकाण आपले कशामुळे वाटू लागले, एवढेच मला विचारायचे आहे. मिसळ खा आणि रंकाळ्यावर जा, असे कृपया सांगू नका. मिसळ खाल्ली आहे. रंकाळ्यावर तीन वेळा जाऊन आले आहे, आणि संध्याकाळी सगळे जण सहकुटुंब भेळ खात असताना तिथे एकटीने बसणे हे खोलीत एकटीने बसण्यापेक्षा जास्त जड जाते.

शिरोळची

तुमचा एक गैरसमज आधी दूर करते, कारण तो दूर झाला तर तुमचा निम्मा प्रश्न सुटेल. आमच्याकडे ‘आमच्यात’ म्हणजे ‘आमच्या घरी’. ‘आमच्यात गौरीला शेपूची भाजी आणि भाकरी करतात’, ‘आमच्यात म्हस व्यालीया’, ‘आमच्यात सगळी शेताकडं गेल्यात’ अशी वाक्ये तुम्ही कान देऊन ऐकलीत तर लगेच लक्षात येईल. ती मुलगी तुम्हाला घोळक्यात बोलावत नव्हती, तिच्या घरी जेवायला बोलावत होती. तुम्ही प्रत्येक वेळी ‘येईन’ म्हणालात आणि गेला नाहीत. एखाद्या शनिवारी तिच्या आईने तुमच्या वाटणीची भाकरी थापली नसेलच, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही.

आमच्या भागात असे बोलावणे तोंडदेखले नसते. आपण नाही म्हटले तर माणसे दोनदा, तीनदा आग्रह करतात आणि त्यानंतर ‘हिला आमच्यात यायचं नाही’ असा अर्थ काढून गप्प होतात. तुम्हाला अजून बोलावणे येते आहे, म्हणजे ती मुलगी चिवट दिसते. आता तिला ‘तुमच्याकडे आले तर चालेल का?’ असे विचारू नका. ‘या शनिवारी कुठल्या गाडीने जायचे?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने ती अवघडेल, दुसऱ्याने खूश होईल.

गेल्यावर काय होईल तेही सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. तुमची भावंडे किती, वडील काय करतात, तुमच्याकडे ऊस का होत नाही, संत्र्याच्या बागा तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत का, असे प्रश्न आल्याआल्या विचारले जातील. प्रश्न विचारणारी शेजारीण असेल आणि ती घरात विचारून आलेली नसेल. जेवताना ‘बास’ असे एकदा म्हणून काहीही थांबत नाही, ताटावर आडवा हात धरावा लागतो, आणि तरी बोटांच्या फटीतून आमटी येते. बाहेरच्या खोलीत पाहुणीसारखे बसू नका. सरळ स्वयंपाकघरात जा आणि लसूण सोलायला घ्या.

‘की’विषयी तुम्ही उगाच धास्ती घेतली. तुमच्याकडे ‘ये ना’ म्हणतात, त्या ‘ना’चे काम आमच्याकडे ‘की’ करतो. त्यात आग्रह असतो, क्वचित लाडही असतो. रागावलेला कोल्हापूरकर ‘की’ लावत बसत नाही, त्याचा राग त्याशिवायही पुरेसा समजतो. बायकांचे ‘मी आलो’ हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेले बोलणे आहे. त्याची नक्कल तुम्ही करू नका आणि त्यांना सुधारूही नका. मी नोकरीसाठी पुण्याला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी कार्यालयात ‘मी जेवून आलो’ असे म्हणाले आणि चार जणांनी मान वर करून पाहिले. पुढचे सहा महिने मीही वाक्य मनात म्हणून पाहूनच बोलत होते, त्यामुळे तुमचे ते वाक्य वाचून मला हसूही आले आणि वाईटही वाटले.

ओले कपडे

थोडक्यात लिहितो. तुम्ही ऑगस्टमध्ये आलात, ही गोष्ट हिशेबात धरा. त्या महिन्यात इथे कपडे वाळत नाहीत, वह्यांची पाने मऊ पडतात, बुटांना बुरशी येते आणि आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वर्ध्याच्या माणसाला पाऊस नवा नसतो, पण ही रिपरिप नवी असते. मी सोलापूरहून आलो होतो आणि माझ्या पहिल्या दोन महिन्यांच्या उदासीतला निम्मा भाग ओल्या मोज्यांचा होता, असे आता वाटते. खोलीत एक दोरी आडवी बांधा आणि जाड सुती कपडे दिवाळीपर्यंत पेटीत ठेवून द्या. ऑक्टोबरात ऊन पडले की राजाराम तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला जा. साडेआठशे एकरांच्या या आवारात मोर भरपूर आहेत, आणि सकाळी ते माणसांना फारशी किंमत देत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दोन अनोळखी माणसांचे बोलणे सुरू होते ते ‘पाणी किती फुटांवर आहे?’ या प्रश्नाने. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे पाठ असले की रिक्षात, दुकानात, केएमटीच्या म्हणजे शहर बसच्या थांब्यावर कोणाशीही पाच मिनिटे बोलता येते. विद्यापीठ उंचावर आहे, त्यामुळे घरच्यांना पुराच्या बातम्या पाहून काळजी करू नका म्हणून सांगा. फक्त पूर मोठा आला की रस्ते बंद होतात. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता.

निवृत्त मास्तर

मुली, तुझा प्रश्न वाचून मला माझे १९७४ साल आठवले. मी भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन कोल्हापुरात आलो आणि दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहिलो. तुझ्या तुलनेत माझे गाव अगदी जवळ होते, पण त्या काळी एसटी दिवसातून दोनदा यायची आणि तिकिटाचे पैसे सणालाच असायचे, तेव्हा अंतराचा हिशेब तुझ्याएवढाच होता. त्याच वर्षी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आम्ही बोर्डिंगातली मुले तो पाहायला चालत गेलो होतो, कारण तेव्हा सागरमाळ म्हणजे खरोखरच माळ होता.

तू ज्या गावात आली आहेस, त्या गावाला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना ठेवून घेण्याची शंभर वर्षांहून जुनी सवय आहे, हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहितो. सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून १८९६ मध्ये इथे एक वसतिगृह निघाले होते, पण काही वर्षांत त्यात ब्राह्मण विद्यार्थीच उरले आणि ज्यांच्यासाठी खटाटोप होता ती खेड्यातली मुले बाहेरच राहिली. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी बोर्डिंग काढावे, दरबार जागा आणि पैसा देईल, असे त्यांनी ठरवले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, मग लिंगायत समाजाचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे ही यादी इतकी वाढली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. दसरा चौकातून तू एकदा सावकाश चालत जा. काही जुन्या इमारती आणि त्यांच्या पाट्या अजून दिसतील.

मात्र बोर्डिंगात राहिलेल्या प्रत्येकाला तिथे आपले वाटत होते, अशी समजूत करून घेऊ नकोस. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना इथल्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर आंघोळ करूनच आत येण्याची आज्ञा त्यांनी मानली नाही, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळते. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. एका छपराखालून बाहेर पडावे लागलेल्या माणसाने पुढे किती छपरे उभी केली, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी मागच्या बाकावरचा एखादा तरी मुलगा वर पाहायचा.

आता माझी स्वतःची गोष्ट. पहिले तीन महिने मी रोज रात्री पांघरुणात रडत होतो. रेक्टर चांगले होते, मुले चांगली होती, तरी रडत होतो. चौथ्या महिन्यात पाणी भरण्याची पाळी माझ्याकडे आली. पहाटे पाचला नळ यायचा आणि तासाभरात जायचा. तेवढ्या वेळात हौद भरला नाही तर चाळीस मुलांच्या आंघोळी अडायच्या. एके दिवशी मी झोपून राहिलो आणि सकाळी सहा वाजता दहा-बारा मुले माझ्या नावाने शिव्या घालत खोलीच्या दारात आली. त्या दिवसानंतर मी रडलो नाही. माझ्यावाचून कोणाचे तरी अडते, एवढे मला पुरले असावे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की तिथे एखादे काम अंगावर घे, आणि ते असे घे की तू गेली नाहीस तर कोणीतरी विचारत येईल. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे, युवा महोत्सवाच्या तयारीला हातांची गरज असते. मेसच्या समितीत बसलीस तरी चालेल. ते काम कोणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळेल.

नांदेडहून

मास्तरांचा आदर राखून काही वेगळे लिहितो. शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगे काढली ती अडचणीवरचा उपाय म्हणून काढली, आणि त्या काळात त्याला पर्याय नव्हता हे मला मान्य आहे. पण मी पीएच.डी.साठी आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळेपर्यंत बाहेर खोली शोधत होतो, आणि एका घरमालकांनी खोली दाखवण्यापूर्वी गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि मग खोली कालच गेल्याचे त्यांना आठवले. दुसऱ्या ठिकाणी आडनाव कोणी विचारले नाही, पण ‘मराठवाड्याची पोरं रात्रभर जागतात’ असे ऐकवले. हे फक्त इथेच घडते असे मी म्हणत नाही. आमच्या नांदेडातही घडते. पण नव्याने आलेल्या माणसाला शहराचा इतिहास सांगताना हेही सांगितलेले बरे, कारण नाहीतर त्याला वाटते की दोष आपल्यातच आहे.

दुसरे असे की, एखादे ठिकाण आपले वाटलेच पाहिजे हा हट्ट सोडून दिला तर बरेचसे सोपे होते. मला पहिल्या वर्षी कोल्हापूर आपले वाटले नाही आणि आता चौथ्या वर्षीही तसे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, तरी माझे दिवस वाईट गेलेले नाहीत. मी शनिवार-रविवारला एक साचा ठरवून टाकला. शनिवारी दुपारी बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात ठरलेली जागा आणि रविवारी सकाळी करवीर नगर वाचन मंदिर. १८५० मध्ये सुरू झालेले हे वाचनालय विद्यापीठाहून एकशे बारा वर्षांनी मोठे आहे. तिथे वर्तमानपत्रे वाचायला येणारे सहा-सात ज्येष्ठ लोक आहेत. पहिले चार महिने आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. पाचव्या महिन्यात मी दोन रविवार आजारी होतो, आणि तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा एका आजोबांनी मान न हलवता माझ्यासाठी धरून ठेवलेली पुरवणी पुढे सरकवली. आमची ओळख एवढीच आहे. मला ती पुरते.

फुटबॉलचेही सांगायला हवे. मी खेळाशी काही देणेघेणे नसलेला माणूस, पण हंगामात शाहू स्टेडियमवर तालमींच्या (इथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने असतात) संघांचे सामने असले की शहर दुसरे काही बोलत नाही. पाटाकडील आणि दिलबहार यांच्या सामन्याला मी एकदा गेलो, तर शेजारच्या गृहस्थांनी ‘तुम्ही कुणाकडनं?’ असे विचारले. कुणाकडूनच नाही, हे उत्तर त्यांना समजेना. त्यांनी मला मूठभर शेंगदाणे दिले, म्हणून मी त्यांच्या बाजूचा झालो, आणि आमची बाजू हरली. तेव्हापासून दरवर्षी मी त्याच बाजूचा आहे.

तिसरा मजला

मी वसतिगृहात दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझे गाव गोव्याच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे मीही शनिवारी जात नाही. दोन गोष्टी लिहिते. नांदेडच्या दादांना फुटबॉलच्या गर्दीत कोणी शेंगदाणे दिले असतील, पण मुलीने एकटीने तिथे जाऊन बसणे आणि वसतिगृहाच्या वेळेआधी परत येणे एवढे सोपे नसते, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. आमचे रविवार वेगळे काढावे लागतात. मी राजारामपुरीत एका घरी दहावीच्या मुलीला गणित शिकवते. पैसे थोडे मिळतात, पण त्या घरातली आजी मला उशीर झाला की गॅलरीत येऊन उभी राहते, आणि मास्तर म्हणतात ते असेच काहीतरी असावे.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. करमत नाही आणि मन ठीक नाही, यांत फरक आहे. करमत नसले तरी माणसाला भूक लागते आणि झोप येते. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण जाईना, तासाला बसूनही काही डोक्यात शिरेना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर लसूण सोलून ते जाणार नाही. तेव्हा विभागातल्या विश्वासाच्या बाईंना सांगावे आणि १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, क्रमांकावर बोलावे. तो सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मी पहिल्या वर्षी तिथे दोनदा बोलले आहे. वर्धेकर, तुम्ही कुठल्या खोलीत आहात ते इथे लिहू नका, पण रविवारी सकाळी आठ वाजता मी मेसमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर असते.

वर्धेकर

सगळ्यांची आभारी आहे. उशिरा उत्तर देते आहे, कारण मधल्या काळात दोन शनिवार मी इथे नव्हते.

‘आमच्यात’चा अर्थ वाचला त्या रात्री मला लाजेने झोप आली नाही. सोमवारी त्या मुलीला ‘या शनिवारी कुठल्या गाडीने जायचे?’ असे विचारले. ती काही क्षण पाहत राहिली आणि मग ‘आत्ता सुचलं व्हय तुला?’ असे म्हणून तिने पाठीत एक धपाटा घातला. तो माया म्हणून होता की राग म्हणून, हे मी अजून ठरवलेले नाही. तिचे गाव कागल तालुक्यात आहे. घरी आई, वडील, भाऊ, आजी आणि तीन म्हशी. शिरोळच्या ताईंनी लिहिलेले सर्व प्रश्न विचारले गेले, क्रमही जवळजवळ तोच होता. फक्त शेजारीण एक नव्हती, दोन होत्या. आडवा हात धरला होता, तरी आमटी आली.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचा विषय निघाला. मी आमच्याकडच्या उभ्या मुखवट्यांच्या महालक्ष्म्या, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या हे सगळे सांगितले. आजीने त्यांच्याकडे पाणवठ्यावरून गौर कशी आणतात आणि मागोमाग शंकरोबा कसा येतो ते सांगितले. तास सुरू झाल्यामुळे जे बोलणे वर्गात तुटले होते, ते चुलीपुढे दीड तास चालले. मग आजीला वाटले की आमच्याकडची पोळी त्यांच्या पुरणपोळीहून आणि चपातीहून काहीतरी तिसरीच वस्तू असणार, आणि ती मी करून दाखवावी. मी परातीत कणीक भिजवली, घडी घातली, लाटली आणि तव्यावर टाकली. घरातली सगळी माणसे पाहत होती. आजीने तिचा तुकडा मोडला, चावला आणि म्हणाली, ‘ही चपातीच हाय की गं!’ तरी दोन खाल्ल्या.

त्यांनी हौसेने विचारलेले एक काम मी घेऊन आले आहे. मैत्रिणीचा भाऊ बारावी शास्त्रला आहे आणि त्याचे रसायनशास्त्र कच्चे आहे, तर दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी त्याला शिकवायचे ठरले. मधल्या शनिवारी खर्डेकर ग्रंथालयात जाते. नांदेडच्या दादांची ठरलेली जागा कुठली आहे ते माहीत नसल्यामुळे, चुकून मी त्यांच्या खुर्चीत बसत असेन तर त्यांनी उठवावे. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई मला रविवारी खिडकीजवळ भेटल्या आणि मेसच्या समितीविषयी मास्तरांनी लिहिलेले अगदी बरोबर आहे: नाव दिले त्याच दिवशी मला समितीत घेतले. पहिल्याच बैठकीत मी पोळी हा शब्द वापरला आणि मावशींनी वर पाहिले.

माझ्या वर्गातल्या मुली दसऱ्याला दसरा चौकात सोने लुटायला जाणार आहेत आणि मलाही चल म्हणाल्या आहेत. गर्दी फार असते असे ऐकते. किती वाजता पोहोचलेले बरे?

शिरोळची

सोने सूर्यास्ताच्या सुमारास लुटतात, पण नीट दिसावे असे वाटत असेल तर चार वाजताच जाऊन उभ्या राहा. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही. पायांत घट्ट चप्पल घाला, कारण सोने लुटताना जी पळापळ होते त्यात दरवर्षी चौकात चपलांचा ढीग मागे राहतो. आणि हातात आलेली आपट्याची पाने सगळी वाटून टाकू नका. दोन जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला कागलच्या आजींना नेऊन द्या.